गावाचा संघ कोणाचा?

अमेरिकेत मोठे धंदेवाईक खेळ चार : बेसबॉल, बास्केटबॉल, बर्फावरची हॉकी आणि तिथला फुटबॉल, ज्यात चेंडू बहुधा हातातच असतो! या चारही खेळांचे अव्वल संघ ज्यांच्याकडे आहेत अशी शहरे डझनभरच. न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन ही त्यांतली.

तुम्ही म्हणाल, गावाचा संघ म्हणजे गावाचाच. तसे नाही बरे का! नाव गावाचे, संघ मालकाचा. दुसऱ्या शहराने नवे मैदान देऊ केले की मालक बिऱ्हाड हलवतो.

कॅलिफोर्नियातले ओकलंड बंदरच पाहा ना. १९७१ ते १९७६ या काळात तिथे चारही खेळ नांदत होते. पहिल्याने हॉकी गेली. २०१९ साली बास्केटबॉलवाले खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. फुटबॉलचा संघ तर एकदा जाऊन परत आलेला. तोही २०२० साली लास व्हेगासला गेला. उरला बेसबॉल, १९६८ पासूनचा. २०२४ चा हंगाम संपला आणि त्यानेही गाव सोडले. बापाचे बोट धरून सामन्याला गेलेल्यांनी आता आपल्या पोरांना न्यायचे कुठे?

उलट, विस्कॉन्सिनमधले ग्रीन बे पाहा. वस्ती लाखभर, मोठा संघ एकच, फुटबॉलचा. पण १९२३ साली गावकऱ्यांनी भाग घेऊन तो सावरला. आज देशभर त्याचे पाच लाखांवर भागधारक आहेत. लाभांश म्हणाल तर दमडी नाही! मात्र कोणा एकाला तो उचलून नेता येत नाही. इतर गावांनी हा कित्ता गिरवावा, तर त्या खेळाच्या आजच्या नियमांत तशी मुभाच नाही.