मूल अडतं कुठे?

(भिवंडी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो परदेशी दत्तकाचा. मागांच्या आणि गोदामांच्या गावात हा विषय कशाला, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. पण समुद्रापलीकडे घरची माणसं असणं या शहराला नवं नाही. इथल्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आखातात जात आले. मराठी घरांतली मुलं अमेरिकेत आणि कॅनडात स्थिरावली. पद्मानगर-कामतघरच्या विणकर घरांतूनही आता पासपोर्ट निघतात. माणसं दोन देशांत वाटली गेली की सुखदुःखंही वाटली जातात, आणि मूल नसण्याचं दुःख त्यातून सुटत नाही. बहिणीचं मूल आपल्याकडे आणायचं असतं, भावाचं मूल तिकडे न्यायचं असतं. कधी दुबईतल्या जोडप्याला इथल्याच एखाद्या संस्थेतलं बाळ हवं असतं. तिघांच्याही वाट्याला येतं ते वाट पाहणं. आज मला बोलायचं आहे ते या वाट पाहण्याविषयी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रतीक्षेचा एक भाग मुलाच्या हक्काचा आहे. तो कमी करा असं कुणी म्हणालं तर त्याला विरोध करायला हवा. दुसरा भाग निव्वळ आपल्या ढिलाईचा आहे. दोन्ही एकाच कागदावर, एकाच ‘पेंडिंग’ या शेऱ्याखाली येतात, त्यामुळे आईबापांना ते वेगळे दिसत नाहीत.

आकडे पाहू. दत्तकासाठी केंद्र सरकारची ‘कारा’ ही यंत्रणा आहे. तिच्याकडे नाव नोंदवून थांबलेली कुटुंबं ३० हजारांहून अधिक आहेत. कायद्यानं दत्तक देता येतील अशी मुलं कोणत्याही वेळी अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यांतली बरीच विशेष गरजा असलेली. निरोगी, लहान बाळ हवं असेल तर तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. २०१०-११ मध्ये देशातल्या देशात ५,६९३ दत्तकं झाली होती. २०२२-२३ मध्ये ती ३,०१० वर आली. पुढे थोडी चढली, २०२४-२५ मध्ये ४,१५५ झाली. एवढ्या मोठ्या देशात एवढीच मुलं निराधार आहेत, यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसत नाही. त्याकडे येतोच.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की आठवतात ती राजघराणी. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं ते दत्तकाला मान्यता न देऊन, आणि झाशीचं तर प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. या देवघेवीतून महाराष्ट्राला दोन मोठे राज्यकर्ते मिळाले हे खरंच. पण त्या सगळ्या प्रकरणांत गादीला वारस हवा होता, म्हणून मूल शोधलं गेलं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही त्याचा वास उरला आहे: घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी नाही. म्हणजे हिशेब घराचा, मुलाचा नव्हे.

हे उलटं झालं कसं, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात एका पत्रानं झाली. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. परदेशी नियतकालिकातल्या वृत्ताच्या आधारे त्यांची तक्रार होती की भारतातली मुलं दत्तकाच्या नावाखाली परदेशी पाठवली जातात, त्यांचे प्रवासात हाल होतात, तिकडे त्यांचं काय होतं हे कुणी पाहत नाही. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. त्याआधी देशात परदेशी दत्तकासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. परदेशी माणूस १८९० च्या पालकत्व कायद्याखाली न्यायालयातून ‘गार्डियन’ व्हायचा, मूल घेऊन जायचा आणि आपल्या देशात दत्तकविधान करायचा. मध्ये कोण किती पैसे घेतं, याचा पत्ता नाही. निकालानं क्रम लावून दिला: आधी जन्मदात्या आईबापांकडे परत जाता येतं का पाहा, मग देशात घर शोधा, तेही नाही मिळालं तर परदेश. १९९० मध्ये ‘कारा’ स्थापन झाली. परदेशी दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग कराराला भारतानं २००३ मध्ये मान्यता दिली, आणि दत्तक पाठवणाऱ्या व घेणाऱ्या दोन्ही सरकारांवर जबाबदारी आली.

आज कॅलिफोर्नियात बसून ‘एवढे कागद कशाला?’ म्हणून वैतागणाऱ्या मराठी जोडप्याला मी हाच इतिहास सांगेन. होम स्टडी म्हणजे घराची पाहणी, पोलिसांचा दाखला, तिकडच्या अधिकृत संस्थेची शिफारस, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, मूल घरी गेल्यावरही दोन वर्षं अहवाल. यातला प्रत्येक कागद कुठल्या तरी मुलाचं नुकसान झाल्यावर आलेला आहे. आणि हे केवळ आपल्याकडचं नाही. दक्षिण कोरियानं काही दशकांत लाखाहून अधिक मुलं परदेशी पाठवली. त्यांतली कितीतरी खोट्या कागदांवर गेल्याचं पुढे उघड झालं, आणि २०२५ मध्ये तिथल्याच सत्यशोधन आयोगानं सरकारला दोषी धरलं. इथिओपियानं २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीननं २०२४ मध्ये. जगातला हा सगळा ओघ २००४ नंतर ओसरत गेला आहे.

महाराष्ट्र यात धुतल्या तांदळासारखा नव्हता. पुण्यातल्या एका संस्थेच्या परदेशी दत्तकांची सीबीआयला चौकशी करावी लागली. त्याच पुण्यात चोख काम करणाऱ्या संस्थाही होत्या आणि आहेत, हेही म्हटलं पाहिजे. ससूनच्या आवारातलं ‘श्रीवत्स’ हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. इथून जवळ डोंबिवलीत ‘जननी आशिष’ आहे.

आता एक अप्रिय गोष्ट. परदेशी कुटुंबाकडे आपलं कोणतं मूल जातं? २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ५९ वं कलम सांगतं की मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर मिळालं नाही, तरच ते परदेशी कुटुंबाला दाखवावं. अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना त्यात प्राधान्य देता येतं. म्हणजे रांगेत हजारो भारतीय जोडपी असताना जी मुलं ६० दिवस तशीच राहतात, ती. हृदयाला छिद्र असलेलं, ऐकू न येणारं, सात वर्षांचं झालेलं, दोन लहान भावंडांचा हात न सोडणारं. तिकडे अमेरिकेत, इटलीत, स्पेनमध्ये कुणीतरी याच मुलाचा फोटो पाहून त्याचं औषधपाणी कुठे होईल याची चौकशी करू लागतं. परकी माणसं आपली मुलं नेतात म्हणून हळहळणाऱ्यांनी आपल्या नोंदणीच्या फॉर्मवर काय लिहिलं आहे ते एकदा पाहावं. एका गोष्टीचं मात्र समाधान आहे: देशात दत्तक जाणाऱ्यांत वर्षानुवर्षं मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त राहिली आहे.

मी मघाशी ढिलाई म्हणालो, ती इथे. निराधार मूल आणि दत्तक देता येणारं मूल यांच्यामध्ये बाल कल्याण समितीचा एक आदेश असतो. तो झाला की दत्तकाच्या कामातली माणसं मुलाला ‘लीगली फ्री’ म्हणतात. सापडलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत हा निर्णय व्हावा असा कायदा आहे. आईनं स्वतः मूल सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. हे दोन महिने मला पवित्र वाटतात. रांगेतल्या कुणाच्याही घाईसाठी त्यातला एक दिवसही कापू नये.

पण आपल्या शहरातलं मूल डोळ्यांपुढे आणा. बाप उत्तर प्रदेशातून मागावर कामाला आलेला, साच्यांच्या वर माळ्यावर राहणारा. आई वारली. बाप एक दिवस निघून गेला, की गावी गेला, की दुसऱ्या गावी मागावर लागला, कुणाला माहीत नाही. मूल संस्थेत. त्याच्या कागदावर बापाचं नाव आहे, म्हणून ते अनाथ नाही. बाप भेटायला येत नाही, पण ‘येईल’ असा शेरा आहे, म्हणून ते सोडून दिलेलंही नाही. पोलिसांचा अहवाल एका जिल्ह्यातून दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात जातो आणि तिथेच राहतो. दोन वर्षांचं मूल सहा वर्षांचं होतं. सहा वर्षांच्या मुलाला घेणारी घरं किती, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत. अशी मुलं शोधून, वर्षभर कुणीही भेटायला न आलेल्यांची वेगळी नोंद करण्याचं काम अलीकडे सुरू झालं आहे, आणि आकडे थोडे चढले ते त्यानंतर. हे काम कुणाला टाळ्या मिळवून देणारं नाही. एक कारकून, एक समाजसेविका, एक फाइल आणि दहा वेळा फोन.

ठाणे जिल्ह्यात भिवंडीचं नाव घेतलं की लोकांना बालसुधारगृह आठवतं. म्हणजे मूल बिघडल्यावर आपण त्याची दखल घेतो. त्याआधीच्या वर्षांची दखल कुठे असते?

आता या शहरात ज्याविषयी बोललंच पाहिजे, तो मुद्दा. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना वर्षानुवर्षं दत्तक घेता येत नव्हतं. १८९० च्या कायद्याखाली पालकत्व मिळायचं. मूल सज्ञान झालं की ते नातं कायद्यानं संपायचं. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी धर्म न विचारता दत्तकाचा रस्ता उघडला. शबनम हाशमी यांच्या याचिकेवर १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो सर्वांसाठी खुला असल्याचं स्पष्ट केलं. मात्र दत्तक घेणं हा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर करायला नकार दिला. ज्याला आपल्या धर्माच्या रिवाजानं चालायचं आहे त्यानं तसं चालावं, ज्याला हा कायदा वापरायचा आहे त्यानं तो वापरावा. मला हा निकाल समंजस वाटतो. अनेक मुस्लिम घरांत ‘कफाला’ची कल्पना आहे: मूल सांभाळायचं, वाढवायचं, पण त्याच्या बापाचं नाव पुसायचं नाही. त्या भावनेत मुलाचा मान आहे. अडचण येते ती समुद्र ओलांडताना. आखातातलं एकही राज्य हेग करारात नाही. तेव्हा इथे दत्तक घेतलेलं मूल तिकडे त्याच नात्यानं राहू शकेल का, त्याचा व्हिसा कोणत्या नात्यावर निघेल, हे आधी विचारून मगच नोंदणी करावी. करार नसलेल्या देशातल्या भारतीय नागरिकासाठी तिथला भारतीय दूतावास हे दार आहे.

आता उलटी दिशा. भिवंडीतल्या जोडप्याला परदेशातलं मूल इकडे आणायचं असेल तर? बहुतेकांना वाटतं, कारात अर्ज केला की झालं. तसं नाही. दत्तकाची सगळी प्रक्रिया आधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्यानं पुरी करावी लागते. मूल परक्या पासपोर्टवर असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाकडे व्हिसासाठी अर्ज करायचा, ते कागद तपासतात, आणि त्यांच्यामार्फतच गृह मंत्रालयाची परवानगी येते. आईबाप भारतीय असल्यामुळे मूल आपोआप भारतीय होत नाही, ते वेगळं काम. म्हणून बहीण ‘घेऊन जा माझ्या लेकराला’ म्हणाली तरी तिकीट काढायची घाई करू नका. उलट इथलं नात्यातलं मूल तिकडे न्यायचं असेल, तर काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा एवढेच कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसतात. आईच्या चुलत बहिणीचा त्यात समावेश नाही, कितीही जीव असला तरी. घरी दत्तकविधान करून, होम पेटवून, नोंदणीकृत कागद करून मूल विमानात बसवता येईल, हा समजही सोडा. सप्टेंबर २०२१ पासून हिंदू कायद्याखालच्या अशा दत्तकांनाही परदेशी जाण्यासाठी काराची परवानगी लागते.

दत्तकाचा अंतिम आदेश देण्याचं काम पूर्वी न्यायालयाचं होतं. १ सप्टेंबर २०२२ पासून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. त्यानं वेग वाढतो का, हे जिल्ह्याजिल्ह्यावर आहे. वयाची अटही लक्षात ठेवा: दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. चाळिशी उलटेपर्यंत डॉक्टरांचे उंबरे झिजवून मग नोंदणीला येणारी जोडपी इथेच हुकतात.

आणि एक रस्ता आहे तो कुणीही धरू नये. दवाखान्यातून, दाईकडून, ‘ओळखीतून’ बाळ घेणं. कायद्याबाहेर मूल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड. पण शिक्षेपेक्षाही वाईट हे, की असं मूल पुढे पासपोर्ट काढायला गेलं तर त्याच्यापाशी स्वतःचा एकही खरा कागद नसतो. तुमच्या आळीत एखादी मुलगी अडचणीत असेल, बाळ सांभाळू शकत नसेल, तर तिला बाल कल्याण समितीपुढे जाता येतं. तिचं नाव गुप्त राहतं, आणि ते दोन महिने तिचेच असतात. १०९८ हा नंबर रात्रीही लागतो. संयोजकांना माझी विनंती आहे, सभागृहाबाहेरच्या फलकावर तो उर्दू, तेलुगू आणि हिंदीतही लिहावा.