खिशांतील गाणें

एखादी वस्तु चांगली कीं वाईट, हें ती कोठें वापरावयाची यावर ठरतें. चंद्रपूर शहरांतील एका गृहस्थाची मुलगी शिक्षिका होऊन भामरागडकडील खेड्यांत निघाली आहे, आणि तिच्या सोबतीला गाणें ऐकण्याचें लहानसें यंत्र द्यावें असें वडिलांच्या मनांत आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. दुकानांत वडील बहुधा एकच गोष्ट विचारतील : "आवाज कसा आहे?" प्रश्न रास्त आहे, परंतु अरण्यांत तो पहिला नव्हे.

पहिला प्रश्न विजेचा. १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनानें व्यापलेला आहे. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडल्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत घडलेले आहेत. अशा दिवसांत वीज आणि मोबाईलचें नेटवर्क, दोहोंचाही भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून गाणीं यंत्राच्या पोटांतच असावींत. साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणास मिनिटाला सुमारें एक मेगाबाइट जागा लागते. म्हणजे बत्तीस गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डांत पांच मिनिटांचीं सहा हजारांवर गाणीं मावतात. बॅटरीवर १२०० मिलिअँपिअर-तास हा आंकडा असेल आणि यंत्र १२० मिलिअँपिअर वीज ओढीत असेल, तर तें सुमारें दहा तास चालेल. मोबाईल असतां हें वेगळें यंत्र कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु मोबाईलमधील शिल्लक वीज अडीअडचणीच्या निरोपासाठीं राखणें शहाणपणाचें.

दुसरा प्रश्न पाण्याचा. 'आयपीएक्स ७' ही खूण असलेलें यंत्र एक मीटर पाण्यांत अर्धा तास पडलें तरी बिघडूं नये, अशी अपेक्षा असते. पावसांत नाले ओलांडणाऱ्यास ही खूण पाहून घेणें अगत्याचें आहे.

तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं : या यंत्राला कान आहेत काय? १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन बाजारांत आणला. तो बातमीदारांच्या ध्वनिमुद्रक यंत्रावरून घडविलेला होता. त्यांतील मुद्रणाची सोय काढून केवळ ऐकण्याची ठेवली. जगाला तो आवडला. पण यंत्र बोलकें राहिलें आणि त्याचा कान गेला. पुढें २०१७ सालीं सारेगामा कंपनीनें 'कारवां' हें यंत्र काढलें, त्यांत पांच हजार गाणीं आधींच भरलेलीं होतीं. घरोघरच्या वृद्धांना तो ठेवा अमोल वाटला, यांत नवल नाहीं. परंतु माडिया आजीच्या तोंडीं असलेलें रेला गीत अशा पांच हजारांत कोठून येणार?

२०११ च्या जनगणनेंत गोंडी बोलणारे सुमारें तीस लाख भरले. एवढ्या लोकांचीं कितीतरी गाणीं कागदावर नाहींत, तबकडीवर नाहींत. तीं म्हणणाऱ्यांच्या कंठांत आहेत, आणि म्हणणाराबरोबर तीं जातात. शेजारच्या छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वर' या उपक्रमानें साध्या फोनवरून गोंडी बोल व गाणीं नोंदविण्याची वाट दाखविली. त्याला मोठी यंत्रसामुग्री लागली नाहीं. लोकांचें ऐकून घेण्याची इच्छा लागली.

तेव्हां चंद्रपूरच्या वडिलांनीं यंत्र घेतांना मायक्रोफोन आहे कीं नाहीं, मुद्रित झालेलें कार्डावर उतरतें कीं नाहीं, हें दुकानांतच करून पाहावें. ध्वनीची परीक्षा शेवटीं करावी. आवाज मंद ठेवूनही शब्द स्पष्ट आले म्हणजे पुरे. मुलीला एवढेंच सांगावें, कीं आजीची परवानगी घेतल्यावांचून कळ दाबूं नये, आणि मुद्रण झाल्यावर तें प्रथम आजीलाच ऐकवावें.

शाळेंतील मुलें तेथें भोंवतीं जमतीलच. शहरांतून आलेल्या यंत्रांतून आपल्याच आजीचा आवाज आपल्याच बोलींत निघतो, हें त्यांनीं एकदां ऐकलें, म्हणजे त्या गाण्याची किंमत त्यांना निराळी शिकवावी लागणार नाहीं.