प्रवाळांच्या टाकीस नियंत्रक कोणता घ्यावा?

बीड तालुक्यांतील लिंबागणेश हें गांव समुद्रापासून सरळ रेषेनें जवळजवळ ३०० किलोमीटर आंत आहे. बालाघाटाच्या ह्या पठारावर पाऊस बेताचा, विहिरीचें पाणी मोलाचें आणि उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर सहज जाणारा. अशा गांवीं कोणा गृहस्थानें कांचेच्या टाकींत समुद्र मांडून त्यांत प्रवाळ वाढविण्याचें मनांत आणलें, तर शेजारीपाजारी त्यास वेड्यांत काढतील. परंतु प्रवाळांच्या टाकीवर पहारा ठेवणारें जें विजेचें यंत्र, ज्यास कंट्रोलर म्हणतात, त्याची खरी कसोटी मुंबईच्या दिवाणखान्यांत न लागतां अशाच ठिकाणीं लागते. म्हणून आजच्या भाषणापुरती ही टाकी लिंबागणेशास आहे असें श्रोत्यांनीं समजावें.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांचा संसार आहे. चुन्याचें घर बांधून राहणारा हा प्राणी आपल्या देहांत एक प्रकारचें सूक्ष्म शेवाळ सांभाळतो, आणि तें शेवाळ प्रकाशाच्या बळावर जें अन्न तयार करतें त्यावर त्याचा बहुतेक निर्वाह चालतो. नेहमींच्या उन्हाळ्याहून पाणी एकदोन अंशांनीं अधिक तापलें व तसेंच कांहीं आठवडे राहिलें, कीं ही भागीदारी मोडते. शेवाळ निघून जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ व २०१६ सालीं हिंदी महासागरांतील प्रवाळांवर हा प्रसंग मोठ्या प्रमाणावर आला. समुद्रास एक अंश चढण्यास दिवसांचे दिवस लागतात. २०० लिटरच्या टाकीस एक दुपार पुरते. यंत्राची गरज उत्पन्न होते ती येथें.

टाकींतील पाणी २५-२६ अंश सेंटिग्रेडच्या आसपास असावें, आणि दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असावेत. म्हणजे २०० लिटर पाण्यांत सुमारें ७ किलो मीठ. तेंही स्वयंपाकाचें नव्हे, तर समुद्रांतील सर्व क्षार योग्य प्रमाणांत मिसळलेलें. ह्या दोन गोष्टी संभाळल्या कीं निम्में काम झालें, आणि नियंत्रक निवडतांनाही प्रथम ह्या दोहोंचाच विचार करावा. पुष्कळ लोक यंत्राच्या पडद्यावर किती आंकडे दिसतात हें पाहून भुलतात. आंकडा दिसणें वेगळें आणि त्यावरून वेळेवर योग्य क्रिया होणें वेगळें.

आधीं उष्णतामानाचें पाहूं. थंड देशांत हीटरची काळजी पहिली. बालाघाटावर पाणी थंड ठेवण्याची. त्यासाठीं चिलर नांवाचें महाग यंत्र मिळतें, परंतु येथील हवा कोरडी असल्यामुळें एक साधा उपाय फार चांगला लागू पडतो, तो म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहानसा पंखा. ज्या नियमानें माठांतील पाणी गार होतें तोच हा नियम. एक लिटर पाणी वाफ होतांना इतकी उष्णता घेतें, कीं बाहेरून नवी उष्णता न आल्यास उरलेलें २०० लिटर पाणी सुमारें ३ अंशांनीं उतरावें. मुंबईच्या दमट हवेंत हा उपाय लंगडा पडतो. बीडकडे एप्रिल-मे महिन्यांत तो उत्तम चालतो आणि पावसाळ्यांत मंदावतो. मात्र थंडीच्या रात्रीं येथेंही हीटर लागतो. तेव्हां नियंत्रक असा हवा, कीं जो पंखा व हीटर दोन्ही चालवील आणि त्यांच्यांत पुरेसें अंतर राखील. पंखा २६॥ अंशांस सुरू होऊन २६ ला थांबावा. हीटर २४॥ खालीं सुरू होऊन २५ ला थांबावा. हें अंतर न राखल्यास एक तापवितो व दुसरा निववितो, आणि वीज दोघेही खातात.

पंख्याचा उपाय एक नवी अडचण आणतो. पाणी उडतें, मीठ उडत नाहीं. २०० लिटरांतील १० लिटर उडाले म्हणजे ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३७ ग्रॅम होतात. म्हणून तितकेंच गोडें, क्षार काढलेलें पाणी टाकींत पुन्हां पडलें पाहिजे, आणि हें काम पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता खटका व एक लहान पंप करतात. येथें शेतकऱ्याचा अनुभव कामास येतो. विहिरीवरील मोटारीस जो ऑटो स्टार्टर बसवितात, तो रात्रीं-अपरात्रीं वीज आली कीं मोटार आपोआप सुरू करतो. परंतु विहिरींत पाणी नसेल तर? मोटार कोरडी फिरते आणि जळते. म्हणून जाणता शेतकरी पाणी संपल्यावर मोटार बंद पाडणारी सोयही बसवून घेतो. टाकीच्या नियंत्रकाविषयीं हाच प्रश्न प्रत्येक खटक्यापाशीं विचारावा: हा बंद स्थितींत अडकला तर काय होईल, आणि चालू स्थितींत अडकला तर काय होईल?

गोड्या पाण्याचा पंप चालू स्थितींत अडकला, तर सांठ्यांतील सारें पाणी टाकींत जाईल. सांठा २० लिटरांचा असेल तर क्षार ३५ वरून ३२ च्या आसपास उतरतील. प्रवाळांस त्रास होईल, पण तीं बहुधा वांचतील. सांठा १०० लिटरांचा असेल तर घरांत पूर येईल आणि टाकींत कांहीं उरणार नाहीं. सांठा मुद्दाम लहान ठेवणें ही युक्ति कोणत्याही महाग यंत्राहून अधिक रक्षण करते. चुन्याच्या निवळीचेंही तसेंच. प्रवाळांस घर बांधण्यास चुना लागतो, आणि ती निवळी थेंबथेंब सोडण्याची पद्धत फार चांगली आहे. पण निवळी अतिशय तीव्र असते. पाण्याचा पीएच ८॥ च्या वर जाऊं लागतांच निवळी आपोआप थांबली पाहिजे, एवढी बुद्धि यंत्रांत नसेल तर ती हातानेंच घालावी.

बाजारांत तीन जातींचीं यंत्रें दिसतात. पहिली जात साध्या उष्णतामान-नियंत्रकांची. हीं स्वस्त असतात व एकच काम करतात. दुसरी जात सर्वांगसंपन्न यंत्रांची. अमेरिकेंतील नेपच्यूनचें एपेक्स व जर्मनींतील जीएचएलचें प्रोफिलक्स हीं त्यांपैकीं प्रसिद्ध. तीं दिवे, पंप, पीएच, निवळी असें सगळेंच पाहतात. तिसरी जात स्वतः जुळविण्याची: रास्पबेरी पाय नांवाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालणारी रीफ-पाय ही मुक्त प्रणाली. ज्याला तारा जोडतां येतात व सोल्डरिंगची भीति नाहीं, त्याला ही तिसरी वाट स्वस्त पडते. आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो, सबंध यंत्र परदेशीं पाठवावें लागत नाहीं. ज्या गांवास दुरुस्तीचें दुकान नाहीं तेथें हा गुण लहान नव्हे. मात्र परगांवीं नोकरीस असणाऱ्या मुलानें यंत्र जुळवून द्यावें आणि मागें वडिलांनीं तें संभाळावें, अशी व्यवस्था असेल तर तो मार्ग घेऊं नये. दोन साधे नियंत्रक एकामागें एक जोडावेत, म्हणजे एक अडकला तरी दुसरा हीटर तोडील. तेंच वडिलांस समजेल आणि झेपेलही.

अमेरिकन बाजारासाठीं केलेली यंत्रें ११०-१२० व्होल्टचीं असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट. पैसे देण्यापूर्वीं यंत्रामागील पट्टी वाचावी. चिलरची मोटार सुरू होतांना नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून ती नियंत्रकाच्या लहान रिलेवर न चालवितां मधें योग्य शक्तीचा कॉंटॅक्टर घालावा. पीएचचा सेन्सर कांहीं महिन्यांनीं खोटें बोलूं लागतो. त्यास ७ व १० च्या द्रावणांत बुडवून वळणावर आणावें लागतें. ज्यास हें करण्याचा कंटाळा, त्यानें तो सेन्सर घेऊंच नये, कारण चुकीचा आंकडा हा आंकडा नसण्याहून वाईट.

वीज गेली म्हणजे? अशा वेळीं मासे व प्रवाळें उष्णतेच्या आधीं बहुधा प्राणवायूच्या अभावानें मरतात. तेव्हां इन्व्हर्टरवर अगोदर पाणी हालतें ठेवणारा पंप जोडावा. हीटर त्यावर मुळींच नको. शिवाय यंत्राची आज्ञावली यंत्रांतच सांठलेली असावी. इंटरनेट बंद पडतांच जें यंत्र गोंधळतें तें अशा गांवीं निरुपयोगी. भ्रमणध्वनीवर धोक्याचा संदेश येतो हें खरें, पण तो पुण्यास पोहोंचून काय उपयोग? टाकीजवळ उभें राहून कोणतें बटण बंद करावयाचें हें घरांतील वडीलधाऱ्यांस एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेलें असावें.

पाण्याविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. क्षार काढण्याच्या यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागें दोनतीन लिटर पाणी बाहेर टाकलें जातें. २०१६ सालीं लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच मराठवाड्यांत हें टाकाऊ पाणी मोरींत सोडणें शोभत नाहीं. तें पिंपांत धरून धुण्याभांड्यांस वापरावें. टँकरवर गांव जगत असतां मात्र ही हौस मांडूंच नये.

प्रवाळ कोठून आणावयाचें, हा प्रश्न कायद्याचा आहे. २००१ सालापासून भारतांतील समुद्रांत भिंती बांधणारीं प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत; मालवणच्या समुद्रांतून एक तुकडा उचलणें हाही गुन्हा. परदेशांतून कायदेशीर रीतीनें आलेल्या प्रवाळांची कागदपत्रें मागून घ्यावींत; १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें त्यांची नोंद करणेंही आवश्यक आहे.

यंत्र घरीं आलें कीं टाकींत कोणताही जीव न सोडतां तें महिनाभर नुसत्या खाऱ्या पाण्यावर चालवावें. मुख्य कळ दाबून वीज घालवून पाहावी, व परत आल्यावर प्रत्येक पंप आपल्या ठिकाणीं सुरू होतो कीं नाहीं तें पाहावें. मग उष्णतामानाचा सेन्सर पाण्याबाहेर काढून ठेवावा. डिसेंबरच्या रात्रीं तो खोलींतील थंड हवा मोजील आणि पाणी तापलें तरी हीटर चालूच ठेवील. ठराविक वेळानंतर हीटर आपोआप तोडणारें यंत्र असेल तरच तें घरांत ठेवावें, नाहीं तर दुकानदारास परत करावें.