कामाचा शीण की नैराश्य?



कामाने जीव मेटाकुटीला येतो.
ऑफिसचं नाव काढलं, तरी नको वाटतं.
पण रजेवर मन जरा मोकळं होतं.
जेवण गोड लागतं.
हा बहुधा कामाचा शीण, म्हणजे बर्नआउट.

नैराश्य मात्र रजेवरही पाठ सोडत नाही.
आवडतं गाणंही नकोसं होतं.
झोप बिघडते.
आपण कुचकामी आहोत, असं वाटत राहतं.
दोन आठवडे, जवळजवळ रोज असं वाटलं, तर डॉक्टरांना भेटा.

पुन्हा सांगते.
शीण कामाशी बांधलेला असतो.
नैराश्य सगळं आयुष्य व्यापतं.
कधी दोन्ही एकत्रही असतात.
म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवा.

जगणंच नकोसं वाटलं, तर थांबू नका.
टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत.
क्रमांक आहे १४४१६.
लिहून घ्या… १, ४, ४, १, ६.