मापाची भेट
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या हस्तकौशल्याच्या प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



समितीने आम्हांस गृहोद्योगाविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. हा विषय फार विस्तृत आहे. म्हणून त्यातील एका लहानशा भागापुरतेच आम्ही बोलणार आहो. तो भाग म्हणजे घरच्या माणसांसाठी, घरच्याच पडवीत, आपल्या हाताने केलेली लाकडी भेट.

कोणी म्हणेल, ज्या काळी हवी ती वस्तू दोन दिवसांत दारी येऊन पडते, त्या काळी करवत आणि रंधा घेऊन बसण्यात शहाणपण कोणते? प्रश्न रास्त आहे. हाताने केलेले ते सर्व चांगले, असे म्हणून त्याचे उत्तर होत नाही. हाताने केलेला पाट डुगडुगत असेल तर तो डुगडुगता पाटच होय. स्वस्ताईचे कारणही टिकत नाही. लाकडाचा आजचा भाव आणि आठ-दहा संध्याकाळची मेहनत हिशेबात धरली तर बाजारचा चौरंगच स्वस्त पडेल. मग घरच्या वस्तूचे महत्त्व कशात आहे? आमच्या मते ते एकाच गोष्टीत आहे. कारखाना सरासरी माणसाच्या मापाने वस्तू करितो. घरचा माणूस आपल्या माणसाच्या मापाने करू शकतो. आणि माप घ्यावयाचे म्हटले म्हणजे त्या माणसाकडे नीट पाहावे लागते. हे पाहणे हाच भेटीचा पहिला अर्धा भाग होय.

ह्याचे एक उदाहरण सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका गृहस्थाने नोकरीतून निवृत्त झाल्यावर सुतारकामाचा छंद धरिला. पहिली चांगली वस्तू आईला द्यावी, म्हणून त्याने शिसवीचा पाट केला आणि त्यावर पितळी फुल्या बसविल्या. आईने तो कौतुकाने पाहिला, शेजारणींना दाखविला, आणि भिंतीशी उभा करून ठेविला. त्यावर ती एकदाही बसली नाही. मुलगा मनातून खट्टू झाला, आणि मायलेकांच्या बोलण्यात तुटकपणा आला. काही दिवसांनी त्याच्या पत्नीने त्यास एवढेच म्हटले, “आई संध्याकाळच्या कुठे बसतात, ते एकदा पाहा तरी.” आई रोज ओट्याच्या कडेवर बसत असे. ऐंशीच्या घरात गेलेल्या त्या बाईचे गुडघे जमिनीलगतच्या पाटावरून उठू देत नव्हते, आणि तसे मुलापाशी बोलण्याचा तिला संकोच वाटत होता. त्याने ओट्याची उंची मोजली; ती 15 इंच भरली. मग तेवढ्याच उंचीचे, उठताना हात टेकावयास दोन्ही अंगांस दांडे असलेले, आंब्याच्या लाकडाचे एक साधे बसणे त्याने केले. त्यावर नक्षी नव्हती की पितळ नव्हते. परंतु दुसऱ्या दिवसापासून आई त्यावर बसून तांदूळ निवडू लागली. शिसवीचा पाट वाईट नव्हता. तो तिच्या मापाचा नव्हता, एवढेच.

तेव्हा पहिला नियम हा की, लाकूड मोजण्यापूर्वी माणूस मोजावा. सुनेला पोळपाट द्यावयाचा असेल तर ती ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटते की खाली बसून, हे पाहावे; त्यावरून त्याच्या पायांची उंची ठरते. वडिलांना काठी द्यावयाची असेल तर त्यांस नेहमीच्या वहाणा घालून ताठ उभे करावे, हात सैल सोडावयास सांगावे, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. तेवढी काठीची उंची. नातवाला पांगुळगाडा द्यावयाचा असेल तर दांडी त्याच्या छातीच्या किंचित खाली यावी. चाके फार सैल फिरू देऊ नयेत, नाहीतर गाडा पुढे धावतो आणि मूल तोंडावर पडते. ह्या आपल्या जुन्या गाड्याची थोरवी अशी की, मूल त्यात बसत नाही. ते त्याच्यामागे आपल्या पायांवर उभे राहून चालते. बाजारात मूल आत बसवावयाचे जे चाकांचे वॉकर मिळतात, त्यांच्या विक्रीस कॅनडा देशाने अपघातांच्या कारणाने 2004 साली बंदी केली. अर्थात गाडा कोणताही असो, मुलाजवळ मोठे माणूस हवेच. जिना असलेल्या घरात तर विशेषच.

आता लाकडाविषयी. प्रत्येक लाकडाचा स्वभाव निराळा असतो आणि तो ओळखून त्यास काम द्यावे लागते. सागवानात अंगचेच तेल असते. म्हणून ते पाण्याला व वाळवीला दाद देत नाही आणि ऋतुमानाप्रमाणे फारसे हलतही नाही. बाभूळ कठीण व चिवट. पूर्वी गाड्यांची चाके आणि शेतीची अवजारे तिचीच होत. फणसाचे लाकूड पिवळेधमक असून काळाने तांबूस होते. आंबा स्वस्त व कामास सोपा, पण त्यास कीड लवकर लागते. म्हणून तो कोरड्या जागी वापरावा. पांगारा अगदी हलका व मऊ. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी आपली रंगीत फळे व खेळणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यातूनच घडविली. नवशिक्याने शिसवीपासून प्रारंभ करू नये; ती महाग आहे आणि बोथट हत्यारास ती मुळीच क्षमा करीत नाही.

लाकूड आणावे कोठून? परड्यातील झाड मनास येईल तेव्हा तोडावे, असे कायद्याने चालत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीविषयी 1964 चा कायदा आहे, आणि शहरी भागासाठी 1975 चा. साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही आपल्या ओळखीची झाडे 1964 च्या कायद्याच्या सूचीत आहेत. परवानगीवाचून कुऱ्हाड लावू नये. परंतु आमच्या डोळ्यांसमोर एक दुसरे लाकूड आहे. आज आपल्या गावोगावी जुनी घरे पाडिली जात आहेत. वाटण्या होतात, जागेचा व्यवहार होतो, आणि आजोबा-पणजोबांनी चढविलेली सागवानी तुळई भंगाराच्या टेम्पोत जाते. भावाभावांत पैशाची वाटणी चोख होते. ज्या छपराखाली सर्वांचा जन्म झाला त्याचा एक तुकडाही कोणाच्या वाट्यास येत नाही. आमची आपणांस विनंती आहे की, घर पाडण्याची पाळी आलीच तर एक तुळई मागे ठेवावी. कित्येक दशके वाळलेल्या त्या लाकडासारखे मुरलेले लाकूड वखारीत मिळणे कठीण. तिच्यातून चार भावंडांसाठी चार पेट्या किंवा चार देव्हाऱ्या होतील. वाटणीत दुखावलेले मन एका पेटीने बरे होते, असे आम्ही म्हणत नाही. पण बोलणे पुन्हा सुरू करावयास काही निमित्त लागते, आणि ते निमित्त ती होऊ शकते. मात्र असे लाकूड करवतीखाली घेण्यापूर्वी त्यातील सर्व खिळे शोधून काढावे.

ओल्या लाकडास धीर पाहिजे. उघड्या हवेत, पावसाआड, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचलेले लाकूड वाळावयास जाडीच्या दर इंचास सुमारे एक वर्ष लागते, असा जुना ठोकताळा आहे. वाळताना लाकूड लांबीस जवळजवळ आटत नाही. ते रुंदीस आटते. सागवानासारखे शांत लाकूडसुद्धा ओल्याचे पूर्ण शुष्क होईपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के, आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे 2.5 टक्के आटते. वाळलेले लाकूडही पुढे हवेबरोबर श्वास घेतच राहते. 12 इंच रुंदीची सागवानी फळी कोरड्या दिवसांतून भर पावसाळ्यात गेली की एक सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, फुगू शकते. म्हणून मे महिन्यात घट्ट बसविलेला खण जुलैत उघडत नाही, आणि चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडलेली रुंद फळी शेवटी तडकते. जाणता सुतार खणास बाजूने थोडी फट ठेवितो आणि फळीच्या स्क्रूची भोके किंचित लांबट पाडितो, की तिला हलावयास जागा राहावी. जवळच्या माणसांनाही अशी थोडी मोकळीक द्यावी लागते, हे संसारी माणसांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

हत्यारे थोडी असावी आणि धारदार असावी. एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, हातोडी, गुण्या, कानस आणि धार लावावयाचा दगड, एवढ्यावर पुष्कळ काम होते. बोथट पटाशीस जोर अधिक लावावा लागतो, ती निसटते, आणि जखम तिनेच होते. पटाशी चालविताना दुसरा हात तिच्या पुढे कधीही ठेवू नये. भुशाची हयगय करू नये. लाकडाची धूळ मनुष्यास कर्करोग करू शकते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली प्रसिद्ध केला आहे. तोंडानाकावर चांगला मास्क बांधावा, काम मोकळ्या पडवीत करावे, आणि भुसा कोरड्या झाडूने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावा.

मुलांच्या वस्तूंविषयी अधिक जपावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची परीक्षा 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करितात. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याचा धोका असतो. म्हणून चाके व मणी मोठे ठेवावे आणि ओढूनही न सुटतील असे बसवावे. रंग घरात पडून राहिलेल्या जुन्या डब्यातला घेऊ नये. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या डब्यांची खात्री नाही. सर्वांत उत्तम म्हणजे रंगाच्या ऐवजी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचा पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. पोळपाटास तर काहीच लावू नये.

अळशीच्या तेलाविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. हे तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावते, आणि त्यात उष्णता उत्पन्न होते. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकिल्या तर ती उष्णता साठते आणि काडी न लाविता त्या पेट घेऊ शकतात. म्हणून त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या. ज्या पडवीत भेट तयार झाली त्याच पडवीस तिच्या चिंधीने आग लागावी, ह्याहून दुःखाची गोष्ट कोणती?

आता शेवटी आमच्या अभ्यासातील एक गोष्ट. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूस, आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच्या पालक पित्यास, तेक्तोन हा ग्रीक शब्द लाविला आहे. त्याचा अर्थ लाकडाचे किंवा बांधणीचे काम करणारा असा होतो. शुभवर्तमानकारांनी त्या दुकानातील एकाही वस्तूचे वर्णन केलेले नाही. परंतु दुसऱ्या शतकातील संत जस्टिन, जो पॅलेस्टाईनमध्येच जन्मला होता, त्याने ट्रायफोशी झालेल्या आपल्या संवादात लिहिले आहे की, प्रभू सुतारकाम करीत असता नांगर व जोखडे घडवीत असे. सिंहासन नव्हे, पेटारा नव्हे, जोखड! आणि जोखड ही अशी वस्तू आहे की, ती मापाची नसेल तर बैलाची मान सोलून निघते. ज्यास जोखड करावयाचे त्याला आधी बैलाच्या मानेकडे पाहावे लागते.

बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळ जण सकाळच्या गाडीने कामावर जातात आणि रात्री परततात. मुलांना बापाची पगाराची रक्कम ठाऊक असते. बापाच्या हातांना काय येते, हे ठाऊक नसते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांस पडवीत जवळ बसवा. मोठ्याने रेघ आखावी, धाकट्याने पॉलिशपेपर घासावा, मुलीनेही मुलाप्रमाणेच करवत धरावी. आणि भगिनींनो, भुसा घरात आला म्हणून पहिल्याच दिवशी रागावू नका. दुसऱ्या दिवशी झाडू त्यांच्याच हाती द्या.

नाताळास द्यावयाची वस्तू डिसेंबरात सुरू करून होत नाही. लाकूड आताच पाहून ठेवा, पावसाळा सरला की कामास लागा. त्याआधी मात्र आज घरी गेल्यावर एवढे करा: ज्याला भेट द्यावयाची आहे ते आपले माणूस कसे बसते, कसे उठते, त्याचा हात कोठे पोहोचतो आणि कोठे पोहोचत नाही, हे त्याच्या नकळत नीट पाहा. आपल्या हातांना यश येवो, आणि आपले श्रम आपल्या माणसांच्या उपयोगी पडोत, एवढीच आमची प्रार्थना आहे.