मुद्दल आणि व्याज
(मढ येथील भाषणाचे शब्दांकन)



मढच्या किनाऱ्यावर अर्थशास्त्र बोलायचे, तर आरंभ बोंबलापासूनच केला पाहिजे. येथे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळणारा बोंबील डोल जाळ्यात येतो. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले हे जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर येईल ते घेते. पण त्याच्या शेपटाकडील आस बारीक असते आणि तीत कोवळी पिल्लेही अडकतात.

पर्यावरणीय अर्थशास्त्राचा गाभा हाच. समुद्रातील मत्स्यसाठा ही मुद्दल आणि त्याची वार्षिक वाढ हे व्याज. व्याजावर जगणारा पिढ्यान्पिढ्या जेवतो. मुद्दल मोडणाऱ्याच्या वहीत मात्र काही वर्षे भरघोस उत्पन्नच दिसते, ही खरी फसगत! सकल राष्ट्रीय उत्पादनातही पकडलेला मासा जमेस धरतात; घटलेला साठा खर्ची टाकत नाहीत.

१९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणारा विकास तो शाश्वत, अशी व्याख्या केली. त्यापूर्वी बावीस वर्षे, एप्रिल १९६५ मध्ये, याच मुंबईत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडताना, निसर्गाची झीज निसर्गालाच भरून काढता येईल इतपतच त्याचा उपयोग करावा, हा विचार सांगितला होता.

पण केवळ अभिमानाने भागत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची कोळी बांधवांची रीत आपण गौरवाने सांगतो. तीत खवळलेल्या दर्याचा धाकही होता, हे मान्य करावे. यांत्रिक नौका आल्या, धाक ओसरला. म्हणून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी कायद्याने घालावी लागली.

तरी एक पेच उरतोच. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी तो १९५४ साली दाखवून दिला. समुद्र सर्वांचा असला की आज सोडलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल, याची हमी कुणालाच नसते. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्यास २०१७ पासून बंदी आहे. ती कुणी मोडली, तर मढच्या डोलकराचा संयम दुसऱ्याच्या खिशात जातो.

२०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्य मासा घोषित केले. पकडण्यायोग्य पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरली आहे, म्हणजे वीतभरही नव्हे! त्याहून लहान पापलेट स्वस्त म्हणून पिशवीत टाकणारे हात मात्र अंधेरी-बोरिवलीचे, आपलेच असतात. बंदीच्या दोन महिन्यांत हप्ते आणि घरखर्च कोळी कुटुंब सोसते. त्या थांबण्याची किंमत आपल्या बाजारभावात कुठे धरलेली असते? पुढच्या रविवारी मावशींच्या टोपलीतील पापलेट आधी मोजून पाहा.