खांद्याचे दुखणे आणि शस्त्रक्रियेचा निर्णय



दुकानातील वरच्या फळीवरचा माल काढताना हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, अशी तक्रार चाळिशीनंतर अनेकांची असते. खांद्याच्या टोकाचे हाड छतासारखे असते आणि त्याखालून हात उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा जातात. हात उचलताना त्या जागी वेदना होतात, त्या विकारास 'इम्पिंजमेंट' म्हणतात.

अमेरिकेतील शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ साली यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. खांद्यावर चिरा देऊन डेल्टॉइड स्नायूचा काही भाग सोडवायचा, हाडाची खालची बाजू तासायची व स्नायू पुन्हा शिवायचा, अशी ती पद्धत होती. पुढे १९८०च्या दशकात हार्वर्ड एलमन यांनी हेच कार्य लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने करून दाखविले.

या दोहोंत श्रेष्ठ कोणती? दुर्बिणीच्या पद्धतीत स्नायू सोडवावा लागत नाही. त्यामुळे रुग्ण लवकर घरी जातो व लवकर कामास लागतो. मात्र दीर्घकाळानंतर वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत उभय पद्धतींचे फळ जवळजवळ सारखेच आढळले आहे.

याहून मूलभूत प्रश्न शस्त्रक्रियेच्या आवश्यकतेचा आहे. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटात दुर्बिणीने हाड तासले, दुसऱ्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले, तिसऱ्यावर कोणताच उपचार केला नाही. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. तिसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांना झालेला लाभही रुग्णास जाणवेल इतका नव्हता. २०१८ साली फिनलंडमधील अभ्यासातही हाड तासल्याने विशेष लाभ दिसला नाही. २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील तज्ज्ञ मंडळाने अशा रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

म्हणून प्रथम काही महिने फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करावा. वेदनाशामक औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. मात्र पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, किंवा तापासह खांदा सुजला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. त्या व्याधी निराळ्या होत.

कोणी शस्त्रक्रिया सुचविल्यास रुग्णाने नम्रपणे विचारावे : कंडरा फाटली आहे काय? व्यायाम पुरेसा झाला आहे काय? शस्त्रक्रियेने अधिक काय साधेल? चिरा मोठा की लहान, हा विचार त्यानंतरचा.